२४ तासांत एक मॉडेल कार : गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्या भागांचा सीलबंद डबा, म्हणजे किट, उघडल्यापासून २४ तासांत प्लास्टिकची एक मॉडेल कार पूर्ण करायची, हा खेळ जगभरचे मॉडेलवाले खेळतात. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्हीही काही जण तो खेळतो आणि आजूबाजूच्या गावांतून त्याबद्दल सारखे फोन येतात. सूचनापत्रकं ज्या हवेसाठी लिहिलेली असतात ती हवा आपल्याकडे नसते, म्हणून इथली उत्तरं आपल्या उन्हाची, आपल्या पाण्याची आणि आपल्या विजेची आहेत.

२४ तास कसे मोजायचे? सलग की कामाचे?

दोन्ही पद्धती चालतात. सलग पद्धतीत डब्यावरचा प्लास्टिक कागद फाडला की घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला काम बंद. जेवण, झोप, रंग वाळायची वाट, सगळं त्यातच. दुसऱ्या पद्धतीत फक्त हाताने केलेलं काम मोजतात, मग ते आठवडाभर चालो की महिनाभर.

आम्ही सलग पद्धत धरतो. साध्या किटचं हातकाम आठ-दहा तासांत आटोपतं. खरा वेळ खातो तो रंग. तो वेळ मोजायचाच नसेल तर मर्यादेला अर्थ उरत नाही. सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या असतात, ओलितावर जायचं असतं, असं बरेच जण सांगतात. जरूर जा. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारा आणि गोठ्यात जा, परत येईपर्यंत तो वाळलेला असतो. शेतीच्या घरात राहणाऱ्याला सलग पद्धत उलट सोपी जाते, कारण मधूनमधून उठावंच लागतं आणि ओल्या रंगाला हात लावायचा मोह टळतो.

डबा उघडायच्या आधी काय तयारी चालते?

वाचन, खरेदी आणि चाचणी. बहुतेक किटची सूचनापत्रकं इंटरनेटवर सापडतात, ती आधीच नीट वाचून कोणता भाग कोणत्या रंगाचा हे कागदावर लिहून काढा. स्प्रेचा डबा जुन्या प्लास्टिकवर मारून बघा. ब्लेड नवीन घाला. कापणं, धुणं, रंगवणं मात्र घड्याळ लागल्यावरच.

पहिल्यांदाच करतोय. कोणता किट घेऊ?

भाग कमी असलेला आणि इंजिन नसलेला. जपानी किटमध्ये, विशेषतः फुजिमी आणि आओशिमा या कंपन्यांच्या, बॉनेट बंदच असतं आणि खाली फक्त चेसिसचा सपाट तळ असतो. २४ तासांसाठी हे उत्तम. तामिया या जपानी कंपनीच्या १/२४, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या, गाड्या भाग जुळण्याच्या बाबतीत सर्वांत विश्वासाच्या, पण त्यातल्या काहींना पूर्ण इंजिन असतं, म्हणून डब्याच्या बाजूचे फोटो बघूनच घ्या. अमेरिकन किट बहुधा १/२५ चे असतात, त्यात इंजिन हमखास असतं आणि जुन्या साच्यांतून निघालेल्या भागांना घासकाम जास्त लागतं. ते निवांत करायचे किट आहेत.

अगदीच पहिली वेळ असेल तर आओशिमाचे १/३२ चे स्नॅप किट बघा. भाग आधीच रंगीत असतात, गोंद लागत नाही, दाबले की बसतात. त्यात सुझुकी जिम्नी आहे, आणि ती आपल्या रस्त्यांवर दिसणारी गाडी असल्याने पोरांना लगेच आपली वाटते. हा किट एका दुपारीत होतो. मग उरलेल्या वेळात टायरला माती, खालच्या पट्टीला धूळ असं काम करता येतं.

माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वेळेला आवडती गाडी घेऊ नये. आवडत्या गाडीला वेळ द्यावासा वाटतो, आणि इथे तो नसतो.

१/२४ म्हणजे नेमकं काय?

खऱ्या गाडीचे २४ सेंटिमीटर म्हणजे मॉडेलचा १ सेंटिमीटर. फूट-इंचात मोजणाऱ्या सुतारांना हे पटकन कळतं, कारण एका फुटाला अर्धा इंच घेतला की १/२४ होतं. मारुती ८०० ची लांबी ३३३५ मिलिमीटर, म्हणजे १/२४ मध्ये १३.९ सेंटिमीटर. अॅम्बेसेडर ४३२५ मिलिमीटर, म्हणजे १८ सेंटिमीटर. तळहातावर मावते की नाही एवढाच फरक.

काम कोणत्या क्रमाने करायचं?

सूचनापत्रकातला क्रम बाजूला ठेवा. त्यात पहिलं पान इंजिनचं किंवा सस्पेन्शनचं असतं आणि बॉडी शेवटी येते. वेळेच्या मर्यादेत हे उलटं करायचं. पहिला हात बॉडीला, कारण वाळायला सर्वांत जास्त वेळ तिलाच लागतो.

डबा उघडला की बॉडी आणि बॉडीच्या रंगाचे सगळे भाग, म्हणजे बंपर, आरशांचे मागचे भाग, स्पॉयलर, आधी वेगळे काढा. बॉडी उजेडासमोर तिरकी धरा आणि मडगार्डवरून, छताच्या खांबांवरून नख फिरवा. साच्याचे दोन भाग जिथे मिटतात तिथे केसाएवढी उभी रेघ हाताला लागते. डोळ्याला ती दिसत नाही, पण चकचकीत रंग बसला की गाडीभर ओरखडा पडल्यासारखी उठून दिसते. ब्लेडच्या पाठीने ती खरवडा, ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासा. मग भांड्याच्या साबणाने जुन्या मऊ टूथब्रशने धुवा, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेल प्लास्टिकवर राहिलेलं असतं आणि त्यावर रंग धरत नाही.

बॉडी वाळत असताना चेसिस आणि आतली बैठक कोरडीच तिच्यात बसवून बघा. रंगानंतर बसत नाही हे कळलं तर इलाज राहत नाही. नंतर प्रायमर, आणि प्रायमर हाताला लागेनासा झाला की रंग.

इथून पुढे बॉडीकडे बघायचं नाही. ती झाकून ठेवायची आणि चेसिस, सीट, डॅशबोर्ड, चाकं घ्यायची. हे सगळं काळं, करडं, चंदेरी. चेसिसचा तळ एका रंगात मारून मोकळे व्हा, कारण गाडी उभी राहिल्यावर तो कोणी बघत नाही. सीटलाही फक्त मॅट काळा पुरे. डॅशबोर्डवर मात्र दहा मिनिटं जास्त द्या. काचेतून सर्वांत आधी तोच दिसतो, आणि घड्याळांच्या डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं, त्यावर बसल्या की आतली बाजू खरी वाटू लागते.

मग रंग कोणता?

लॅकर, म्हणजे थिनर उडून झटपट वाळणारा रंग. इनॅमलचा चकचकीत रंग कडक व्हायलाच एक दिवस किंवा जास्त घेतो, म्हणजे तुमचे २४ तास तोच संपवतो. लॅकरचे पातळ हात दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने मारता येतात आणि काही तासांत बॉडी जपून हाताळता येते.

रंगाची निवडही वेळ वाचवते. चंदेरी, गडद निळा, गडद हिरवा, काळा दोन-तीन हातांत झाकून टाकतात. पिवळा आणि लाल पातळ असतात, करड्या प्रायमरवर मळकट दिसतात, खाली पांढरा थर मागतात. किटचं प्लास्टिक लाल असेल आणि गाडी पांढरी करायची असेल तर तो डबा दुसऱ्या वेळेसाठी ठेवा, लाल रंग वर झिरपून पांढऱ्याला गुलाबी करतो.

एक जुनी युक्ती आहे, मला ती फार आवडते. किटचं प्लास्टिकच हव्या त्या रंगाचं निवडायचं. प्लास्टिक पिवळं, गाडी पिवळी. घासून, धुऊन सरळ क्लिअर, म्हणजे वरचा चकचकीत पारदर्शक थर, मारायचं. रंगाचा सगळा टप्पाच वाचतो, आणि पिवळ्यासारख्या त्रासदायक रंगात तर निम्मी लढाई तिथेच जिंकता.

तालुक्याच्या दुकानातला गाडीचा टच-अप स्प्रे चालतो का?

चालतो, पण जपून. त्यातलं थिनर तीव्र असतं, पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, खातं. उघड्या प्लास्टिकवर ओला हात मारला तर पृष्ठभाग वाळलेल्या गाळासारखा तडकतो. आधी मॉडेलसाठीचा प्रायमर, मग टच-अपचे दोन-तीन कोरडे, लांबून मारलेले हात, आणि शेवटी एक ओलसर हात. किटचे भाग ज्या चौकटीला लागून येतात, तिच्या तुकड्यावर आधी करून बघाच. हार्डवेअरमधलं एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचं) थिनर ब्रश धुवायला वापरा, प्लास्टिकला लावू नका.

गॅरेजवाले हार्डनर मिसळून जे क्लिअर मारतात ते घरी आणू नका. चमक अप्रतिम येते हे खरं, पण त्यातलं आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसाला घातक आहे आणि साध्या कापडी मास्कने अडत नाही.

भाऊ, कूलरसमोर ठेवली तं लवकर वाळन का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ठाम नाही असं आहे. कूलर ओल्या ताट्यांतून हवा ओढतो. ताट्यांतलं पाणी उडतं म्हणून ती हवा थंड होते, आणि तेच पाणी ओल होऊन तिच्यात येतं. लॅकर वाळताना त्याचं थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेतली ओल त्यावर बसते. रंग दुधाळ, धुरकट होतो. काळ्या गाडीवर हे फार दिसतं. वर ताट्यांची कुसळं आणि झोत, म्हणजे कचरा ओल्या रंगावर. कूलर चालू असलेल्या खोलीत स्प्रे मारू नका आणि रंगवलेली बॉडी तिथे ठेवूही नका. कूलरसमोर तुम्ही बसा, चेसिस जोडा.

पावसाळ्यातही हेच होतं. झड लागलेली असताना लॅकर मारू नये. धुरकट झालाच, तर कोरड्या दिवशी त्यावर पातळ हात मारल्याने बऱ्याचदा परत उजळतो, पण २४ तासांत कोरडा दिवस मिळेलच असं नाही. आमच्याकडे आषाढ-श्रावणात हा खेळ बंद असतो.

मे महिन्यात जमतं का?

जमतं, वेळा बदलून. ४५ अंशांच्या वरच्या उन्हात रंगाचा फवारा बॉडीपर्यंत पोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि बॉडीवर रंगाऐवजी भुकटी बसते. हात फिरवला तर खरखरीत लागतं. दुपारी गरम वाराही धूळ घेऊन येतो.

म्हणून उन्हाळ्यात घड्याळ संध्याकाळी ६ ला लावा. दिवेलागणीपर्यंत कापणं, घासणं, धुणं. रात्री ९ च्या सुमारास प्रायमर, आणि त्या वेळी अंगणातला दिवा दूर ठेवा, नाहीतर पाखरं येऊन चिकटतात. प्रायमरवर एखादा किडा बसलाच तर सकाळी वॉटर पेपरने निघतो, रंगावर बसला तर निघत नाही. झोपा. पहाटे ५ ते ७ या वेळात रंगाचे सगळे हात आणि शक्य तर क्लिअरही. आपल्याकडे उन्हाळ्यात वारा पडलेला आणि हवा बेताची अशी तेवढीच वेळ असते. त्यानंतरची तापलेली कोरडी हवा तुमच्या बाजूने काम करते. हिवाळ्यात जे वाळायला संध्याकाळ होते ते दुपारच्या जेवणापर्यंत हाताळण्याजोगं होतं.

दोन गोष्टी जपा. स्प्रेचा डबा उन्हात, पत्र्याखाली किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका, ५० अंशांच्या वर नेऊ नका असं त्यावरच लिहिलेलं असतं आणि आपल्या पत्र्याखाली तेवढं तापमान सहज होतं. आणि बॉडी लवकर वाळावी म्हणून गच्चीवर उन्हात ठेवू नका. गडद रंगाचं पातळ प्लास्टिक उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि छत वाकतं.

सगळ्यात चांगला हंगाम कोणता?

दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत. हवा कोरडी, वारा कमी, ऊन बेताचं. सकाळी ९ ला डबा उघडा, ११ पर्यंत प्रायमर, १ ते ३ रंग, ४ ला क्लिअर. रात्री ते कडक होतं, सकाळी काचा आणि बारीक काम. पहाटे स्प्रेचा डबा गार पडून फवारा थुंकल्यासारखा येत असेल तर तो कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा ठेवा. उकळत्या पाण्यात नाही, चुलीजवळ तर मुळीच नाही.

घरात कापूस भरलेला आहे. त्याचे तंतू रंगावर बसतात. काय करू?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा. भाव वाढायची वाट बघत कापूस घरातच असतो, आणि नेमका तोच हंगाम रंगासाठी चांगला. ज्या खोलीत कापूस आहे तिथे स्प्रे मारू नका, दोन कारणांनी. तंतू तर आहेतच, पण स्प्रेचा वायू आणि थिनर पेट घेतात, आणि कापसाशेजारी ती जोखीम कोणीही घेऊ नये. देवापुढचा दिवा, चूल, उदबत्ती, सगळ्यापासून लांब, अंगणात आडोशाला मारा.

मारायच्या आधी तिथल्या जमिनीवर सडा टाका. अंगातला सुती शर्ट बदलून घट्ट विणीचा घाला, हाताला आलेले केस-तंतू ओल्या फडक्याने पुसा. हात मारून झाला की बॉडीवर प्लास्टिकचा मोठा टब उपडा घाला आणि त्याची एक कड काडीने बोटभर उचलून ठेवा. थिनरची वाफ बाहेर जाते, तंतू आत येत नाहीत.

तंतू बसलाच तर ओल्यात काढायचा प्रयत्न करू नका. पूर्ण वाळू द्या, १५०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात हलकेच घासा, तो निघून जातो, आणि वरून एक पातळ हात मारा.

रंगवताना भाग धरायचे कशात?

तुराट्या. दुकानातल्या क्लिपच्या काड्या विकत घ्यायची गरज नाही. वीतभर लांब, सरळ तुराटी निवडा, साल सोलून टाका म्हणजे कचरा उडत नाही, टोकाला दुहेरी टेप गुंडाळा आणि भाग त्यावर दाबा. लहान भागांसाठी टोकाला कपड्यांचा चिमटा बांधा. पायलीभर गव्हात किंवा वाळूच्या डब्यात त्या उभ्या खोचल्या की वीस भाग एका रांगेत वाळतात. जड बॉडीसाठी पऱ्हाटी बरी, ती वाकत नाही. प्लास्टिकच्या बाटलीच्या तोंडावर टेप गुंडाळून त्यावर बॉडी आतून अडकवली तरी चालते.

आमच्याकडे पाणी खारं आहे. फरक पडतो का?

पडतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यातल्या, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याकडच्या वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावं. बोअरच्या पाण्याने धुतलेली बॉडी वाळली की पांढरे ठिपके उरतात आणि प्रायमरखालून खडबडीत लागतात. धुवायला कोणतंही पाणी घ्या, शेवटचं विसळणं मात्र आरओच्या पाण्याने. डिकल भिजवायला तर आरओचंच पाणी हवं. क्षार डिकलखाली वाळले की काळ्या बॉडीवर पांढरी कडा दिसते आणि ती नंतर पुसता येत नाही.

फेविक्विकने सगळं चिकटवलं तर काम लवकर होईल ना?

काही भागांचं होईल, पण काचा जातील. फेविक्विकची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बसते. बंद गाडीत, काचा लावलेल्या असताना आत कुठेही ते वापरलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या काचा धुकं पडल्यासारख्या दिसतात. चकचकीत क्रोम भागांचंही तेच.

प्लास्टिक प्लास्टिकला जोडायला पातळ लिक्विड सिमेंट घ्या. ते गोंद नाही, ते प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. दोन भाग आधी जुळवून धरायचे आणि फटीला ब्रशचं टोक लावायचं, सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. काही सेकंदांत धरतं. रंगवलेल्या किंवा क्रोम असलेल्या जागी ते धरत नाही, तिथला थर आधी खरवडून काढा. काचांना आणि हेडलाइटला पांढरा फेविकॉल, काडीच्या टोकाने, अगदी थोडा. वाळला की पारदर्शक होतो, सांडला तर ओल्या कापसाने पुसता येतो.

वीज गेली तर घड्याळ थांबवायचं का?

नाही. वीज जाणार हे गृहीत धरूनच बसायचं. म्हणूनच मी २४ तासांच्या कामाला विजेवरच्या कॉम्प्रेसर आणि एअरब्रशऐवजी स्प्रेचा डबा सुचवतो. चार्जिंगचे दोन दिवे आधी भरून ठेवा, आणि बारीक काम, म्हणजे डिकल आणि काचा, दिवसाच्या उजेडासाठी राखून ठेवा.

डिकल आणि काळ्या पट्ट्या?

डिकल कोमट पाण्यात अर्धा मिनिट, मग बाहेर काढून कागदावर ठेवून थांबा, आपोआप सुटते. ओढू नका. वरून क्लिअर मारणार असाल तर पहिले हात धुकं पडावं इतके हलके, कारण ओलं लॅकर डिकलला सुरकुत्या पाडतं. मला विचाराल तर २४ तासांत क्लिअर डिकलच्या आधी मारा आणि डिकल तशाच राहू द्या.

काचेच्या कडेचं काळं रबर रंगवण्यात तास जातो. पातळ टोकाचा काळा परमनंट मार्कर घ्या आणि पट्टीच्या आधाराने ओढा. चंदेरी मार्करने दाराचे हँडल आणि वायपर होतात.

नंबरप्लेट मात्र करा. भारतातल्या कारची लांब प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटर असते, म्हणजे १/२४ मध्ये साधारण २१ बाय ५ मिलिमीटर. झेरॉक्सच्या दुकानात एका कागदावर वीस छापून मिळतात. वर्ध्याचा एमएच ३२, यवतमाळचा २९, अमरावतीचा २७. जपानी गाडीवर आपला नंबर लागला की ती बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी ही दहा मिनिटं द्यावीत.

अॅम्बेसेडर किंवा मारुती ८०० करायची आहे. किट नाही. पुठ्ठ्यातून २४ तासांत होईल?

अॅम्बेसेडर नाही. १९५७ च्या सुमारास सुरू होऊन २०१४ पर्यंत बनलेल्या त्या गाडीत सपाट जागा जवळपास नाहीच. मडगार्ड, बॉनेट, डिकी, सगळं फुगीर. ते आकार हाताने कोरायला महिने लागतात, आणि घाईत केलं तर ती अॅम्बेसेडर वाटत नाही.

१९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० वेगळी. तिच्या बाजू बऱ्याच सपाट आहेत आणि एक मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटमधून कापता येतात. तरीही आराखडा आधी काढलेला हवा. चाकांमधलं अंतर २१७५ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर ९०.६. हे एक माप चुकलं की बाकी सगळं बरोबर असूनही गाडी ओळखू येत नाही. आराखडे तयार ठेवून, चाकं दुसऱ्या किटची घेऊन, सलग २४ तासांत नुसती बॉडी उभी राहू शकते. पूर्ण गाडीसाठी कामाचे तास मोजायची पद्धत घ्या.

लहान मुलांना बसवावं का?

बसवावं. आपल्या भागात हे नवीन नाही. तान्ह्या पोळ्याला चाकांवरचा लाकडी नंदी सजवून मिरवणारं पोरगं लहान आकारातली वस्तू निगुतीने हाताळायला शिकलेलंच असतं. ही प्रथा दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळात नागपुरात सुरू झाल्याचं सांगतात. तामियाचाही उगम लाकडातच आहे. जपानमधल्या शिझुओकाची ही कंपनी १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली आणि प्लास्टिककडे नंतर वळली. आपल्याकडचा नंदी करणारा सुतार मॉडेलच्या कामात किती पटकन रुळेल हे मी पाहिलेलं आहे, त्याला विचारा, शिका.

दहा वर्षांखालच्या मुलांना स्नॅप किट द्या, ब्लेडऐवजी नेलकटर द्या आणि स्प्रे मोठ्यांनी मारा. २४ तासांचं घड्याळ त्यांना लावू नका, एक दुपार पुरे.

झोपायचं की जागायचं?

झोपा. क्लिअर कडक व्हायला लागणारे पाच-सहा तास हेच झोपेचे तास. अर्धवट झोपेत नव्या ब्लेडने बोट कापतं, आणि तालुक्याचा दवाखाना रात्री दूर असतो.

किट आणि रंग वेळेवर येत नाहीत. किती आधी मागवू?

किमान महिनाभर. किट लवकर येईल, स्प्रेचे डबे येणार नाहीत. ते ज्वलनशील असल्याने सहसा विमानाने पाठवत नाहीत, रस्त्याने येतात. गावापर्यंत कुरिअर येत नसेल तर तालुक्याच्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्या. सगळं हातात आल्याशिवाय दिवस ठरवू नका.

गाडी डुगडुगते, एक चाक टेकत नाही.

आरशावर ठेवा. चाक आणि त्याचं प्रतिबिंब यात फट दिसते ते चाक. कागदाचा तुकडा खाली सरकतो का बघा. एक कागद जात असेल तर चेसिसला त्या कोपऱ्यात बोटाने हळू दाब द्या, बहुतेक वेळा तेवढ्याने बसतं. जास्त फट असेल तर ॲक्सल सोडवून सिमेंट ओलं असतानाच चारी चाकं आरशावर टेकवून वर एखादं पुस्तक ठेवा आणि अर्धा तास हलवू नका. चाकं फिरली नाहीत तरी चालेल, टेकली मात्र पाहिजेत. न टेकणाऱ्या चाकामुळे चांगला रंगही वाया जातो.

वेळ संपली आणि आरसे, वायपर राहिले. मग?

गाडी चार चाकांवर उभी आहे, बॉडी चेसिसवर बसली आहे, काचा आत आहेत, तर आमच्याकडे ती पूर्ण धरतात. राहिलेले भाग फोटोखाली लिहायचे. फोटो त्याच अवस्थेत काढा, सकाळच्या सावलीत, गाडीच्या उंचीवर मोबाइल आणून.

आरसे दुसऱ्या दिवशी लावा. बहुतेक किटमध्ये ते तांदळाच्या दाण्याएवढ्या खुंटीवर बसतात आणि फेविकॉल ओला असताना वजनाने खाली झुकतात. तेव्हा दोन्ही आरशांना वरून मास्किंग टेपची बारीक पट्टी छतापर्यंत लावून ठेवा, समोरून बघून दोन्ही एका पातळीत आहेत याची खात्री करा, आणि टेप सकाळीच काढा.